आदल्या दिवशीचा पाहुणा

मेल्विन आला तो बूट न काढताच सरळ स्वयंपाकघरात शिरला. ॲना लग्नासाठी तळायच्या फुग्यांच्या आंबवलेल्या पिठावर ओलं फडकं टाकत होती.

"जॉनदादा कुठेय?"

"अंघोळ करतोय. का रे?"

"शेन उद्या येत नाही म्हणतो."

ॲनाने हात पुसले आणि दिराच्या तोंडाकडे पाहिलं. लेकीच्या, हेझलच्या लग्नाला कोण येणार, कोण नाही याची चर्चा घरात दोन महिने चालली होती. वसईहून दुबईला यायला कोणाला व्हिसा मिळाला, कोणाला नाही, हे सगळं पचवून झालं होतं. पण शेन येणार हे धरूनच सगळे चालले होते. शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या जॉन आणि मेल्विन या लोपीस बंधूंच्या गोडाऊनमध्ये जे पाण्याचे पंप येत, ते शेनच्या चीनमधल्या निंगबोच्या कारखान्यातले. लॉकडाऊननंतर एका मोठ्या कंपनीने त्याला गळ घातली होती की या दोन भावांना सोड आणि आखाताची एजन्सी आम्हाला दे. शेनने ऐकलं नव्हतं. आता तो दुबईतच होता, प्रदर्शनासाठी आलेला, आणि पुढच्या आठवड्यात पाच वर्षांचा नवा करार व्हायचा होता. उद्याच्या रिसेप्शनला त्याला पहिल्या टेबलावर बसवायचं हे मेल्विननेच ठरवलं होतं.

मेल्विनने फोन पुढे केला. फोटोत हॉलमधलं टेबल होतं. पांढरं कापड, फुलं, आणि मधोमध काचेच्या ग्लासात हाताएवढे तीन झेंडे. तिरंगा, अमिरातीचा, आणि तिसरा लाल, कोपऱ्यात निळा चौकोन आणि त्यात पांढरा सूर्य.

"मीच पाठवला, वहिनी. हॉलवाल्याने टेबल लावून दाखवलं, मला वाटलं शेनला दाखवावं. पाच मिनिटांत फोन."

जॉन डोकं पुसत आला. तो कमी बोलणारा माणूस. मेल्विन घाईत सांगत गेला आणि तो ऐकत गेला. शेन रागावला नव्हता, उलट दोनदा माफी मागितली होती. पण तो इथल्या चिनी व्यापाऱ्यांच्या संघटनेत आहे. त्याचा मुलगा सरकारी नोकरीच्या परीक्षेत नुकताच पास झालाय. त्या झेंड्यापाशी बसलेला त्याचा एक फोटो कोणाच्या फोनवर गेला, की संध्याकाळपर्यंत तो निंगबोला पोचणार. आणि टेबलाचा फोटो मेल्विनने कामाच्या ग्रुपवर टाकला होता, तो त्याच्या भागीदारांनीही पाहिला होता.

"नेमकं काय हवंय त्याला?" जॉनने विचारलं.

"झेंडा नको. आणि स्टेजवरून नावं घेताना नवरा तैवानचा असं म्हणायचं नाही. चायनाचं तैवान म्हणा, नाहीतर देशाचं नावच घेऊ नका. एवढंच, दादा. दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांचं काम नाही, हे ॲनाला ठाऊक होतं. हेझलने ॲरॉनला घरी आणलं तेव्हापासून तिने हा इतिहास तुकड्यातुकड्याने शिकून घेतला होता. ॲरॉन वू तैवानमधल्या तायचुंगचा. सायकलचे भाग विकणाऱ्या कंपनीच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात कामाला, आणि जेबेल अलीच्या चर्चमधल्या गायकवृंदात हेझलच्या मागच्या रांगेत उभा राहणारा. चीनमधलं यादवी युद्ध एकोणीसशे एकोणपन्नासला संपलं, तेव्हा हरलेलं सरकार तैवान बेटावर गेलं आणि जिंकलेलं बीजिंगमध्ये बसलं. दोघंही स्वतःला चीन म्हणत राहिले. जगाला दोघांशी एकदम नातं ठेवायची सोय नव्हती. एकाचा राजदूत घ्यायचा तर दुसऱ्याला निरोप द्यायचा. भारताने सुरुवातीलाच बीजिंगला मान्यता दिली, पुढे एकेक करून बहुतेकांनी दिली. त्यामुळे ॲरॉनच्या कागदांवर एक शिक्का मिळवायला त्याला तीन ठिकाणी पाठवत. दुबईत त्यांचं ऑफिस आहे, पण त्याला दूतावास म्हणायचं नाही. फक्त पॅरिशकडून आलेले कागद सरळ पुढे गेले, कारण ज्या मोजक्यांनी अजून तैवानशी संबंध ठेवलेत त्यांत व्हॅटिकन आहे. फादर तेव्हा हसून म्हणाले होते, आमच्याकडे या, इथे तुमचा दूतावास उघडा आहे.

ट्रेसी बाहेरून कात्री आणि रिबिनीची गुंडाळी घेऊन आली. मेल्विनची बायको. झेंडे तिनेच शारजाच्या छापखान्यातून करून आणले होते. सगळं ऐकल्यावर तिने नवऱ्यालाच धारेवर धरलं. पोराचे आईबाप एवढ्या लांबून आलेत, म्हातारा आजोबा आलाय, आणि त्यांच्यादेखत त्यांचा झेंडा उचलायचा? उद्या आपला कोणी उचलला तर चालेल का?

"आपल्या दोघांचे व्हिसा त्याच लायसन्सवर आहेत, ट्रेसी," मेल्विन म्हणाला. "एजन्सी गेली तर गोडाऊनमध्ये काय ठेवायचं, चटया? दादाची पोरगी उद्या लग्न होऊन जाईल. आपल्या दोन्ही पोरांची शाळा अजून संपायचीय."

 ट्रेसीने रिबीन उलगडून पुन्हा गुंडाळली. मग म्हणाली की तसं बघितलं तर झेंडे काही लागतातच असं नाही. नुसती फुलंही छान दिसतील.

ॲनाला तिचा राग आला नाही. या घरात ती नवी नवरी होऊन आली तेव्हा वसईजवळच्या निर्मळला तिचे सासरे आणि त्यांचे भाऊ एका अंगणात दोन चुली मांडून बसले होते. आलेल्या पाहुण्याने आधी कोणाच्या दारात चहा घेतला, यावर पुढच्या नाताळापर्यंतचं बोलणं अवलंबून असे. पाहुणे बिचारे अंगणाच्या फाटकाशीच घुटमळत. कोणी वाईट नव्हतं. ज्याला ज्याची गरज, तो त्याच्या दारात आधी जाई.

"म्हणजे ॲरॉनचा फ्लॅग काढायचा, राइट?" हेझल दारात उभी होती. केसांना तेल लावलेलं, अंगात जुना टीशर्ट. किती वेळ उभी होती कोण जाणे.

जॉन म्हणाला की अजून काही ठरलेलं नाही.

"देन टेक डाउन ऑल ऑफ देम. आणि रिसेप्शनच नको. चर्चमधून घरी येऊ, तुमच्या फुग्या खाऊ. आय ॲम फाइन."

"हेझल, काकाचं ऐकून घे," ॲना म्हणाली.

"काकाचं ऐकलं, ममी. शेन अंकल मला लहानपणापासून चॉकलेट आणतात, आय लव्ह हिम. पण नवरा कुठला आहे हे माझ्या लग्नात सांगायचं नाही? मग कुठे सांगायचं?"

तिने तिथल्या तिथे ॲरॉनला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिला वाटलं असावं की आता तो आपल्या बाजूने उभा राहील. ॲरॉन शांतपणे इंग्रजीत म्हणाला की काढून टाका, काही हरकत नाही. त्याच्या देशाचे खेळाडू ऑलिंपिकमध्येसुद्धा वेगळाच झेंडा घेऊन जातात, सवय आहे. आणि खरं सांगायचं तर तो झेंडा त्याला कधी फारसा आपला वाटला नाही. समुद्रापलीकडून हरून आलेल्या सरकारचा तो झेंडा. त्याच्या वयाची पुष्कळ मुलं तो घरात लावत नाहीत. फक्त चायना म्हणू नका. तैवान म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका.

हेझलचा चेहरा उतरला. मेल्विनचा खुलला.

"झालं तर," तो म्हणाला. "मुलालाच नकोय."

 फोनवर ॲरॉन म्हणाला, "ग्रँडपाला मात्र हवा असतो. बाकी कोणाला नाही."

तेवढ्यावर ते राहिलं. दुपार होत आली होती आणि पाणी आणायचं होतं. वसईत लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या अंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणतात. दुबईतल्या या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीत विहीर कुठली? म्हणून ट्रेसीच्या फ्लॅटमधल्या नळावर तांब्या भरायचा आणि शेजारच्या बिल्डिंगमधून, झाडांच्या कडेकडेने, स्पीकरवर बँड लावून इथपर्यंत यायचं असं ठरलं होतं. निघताना मेल्विन जॉनच्या कानाशी लागून म्हणाला की तीन वाजेपर्यंत सांग, मला शेनला उत्तर द्यायचंय.

वू मंडळी वेळेवर आली. ॲरॉनचे वडील दातांचे डॉक्टर, आई शाळेत शिकवणारी. आजोबा नव्वदीच्या पुढचे, अंगाने सुकलेले, पण पाठ ताठ. उन्हातही त्यांनी कोट घातला होता आणि कोटाच्या कॉलरवर त्याच झेंड्याची छोटी पिन होती. ते वरातीत शेवटपर्यंत चालले. तांब्यातलं पाणी हेझलच्या डोक्यावर शिंपडलं तेव्हा थोडं त्यांच्या बाहीवर उडालं, तर ते पुसायला कोणाला देईनात.

पण घरात कुजबुज चालली की ती म्हाताऱ्या माणसांना आधी कळते. मेल्विन बाल्कनीत, जॉन पॅसेजमध्ये, दोघांच्या मध्ये ये-जा करणारी ट्रेसी. आजोबांनी नातवाला काहीतरी विचारलं. नातवाने उडवून लावलं. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि या वेळी त्यांच्या मुलाने, डॉक्टरांनी, हळू आवाजात सगळं सांगितलं.

आजोबा सोफ्यावर बसून होते. त्यांनी एकच प्रश्न केला. ॲरॉनने ॲनाकडे वळून भाषांतर केलं, "विचारतात, तो माणूस कुठला?"

"निंगबोचा," ॲना म्हणाली.

 म्हातारा बोलायला लागला तो एका सुरात, हात गुडघ्यांवर ठेवून, आणि ॲरॉन मागोमाग इंग्रजीत सांगत गेला. स्वयंपाकघरातल्या बायका कढईतलं सोडून दाराशी आल्या.

निंगबोच्या समोर समुद्रात बेटं आहेत. आजोबा तिथल्या एका कोळी गावातले. माघार घेणारं सैन्य त्या बेटांवरून निघालं तेव्हा ते अठराचेही नव्हते. मीठ आणायला बाजारात गेले होते. शिपायांनी रस्त्यावरच्या तरण्या पोरांना धरलं आणि जहाजावर चढवलं. त्यांना वाटलं, मासळीच्या पुढच्या हंगामापर्यंत परत येऊ. तैवानला उतरल्यावर गणवेश मिळाला आणि मग दोन्ही सरकारांमधलं सगळं बंद झालं. टपाल नाही, फोन नाही, बोट नाही. तिकडचं पत्र खिशात सापडलं तरी तुरुंग. आई जिवंत आहे की नाही हे कळायला अख्खी तरुणाई गेली. सत्त्याऐंशी साली जायची परवानगी निघाली. पुढच्या वर्षी ते गेले. आई केव्हाच वारली होती. मोठा भाऊ होता. तो घरी घेऊन गेला नाही; बस थांबते तिथल्या चहाच्या दुकानात भेटला. भाऊ पलीकडे आहे एवढ्या कारणावरून त्याची शाळेतली नोकरी गेली होती, वाईट दिवसांत त्याला लोकांसमोर उभं करून शिव्या घातल्या होत्या. आता कुठे त्याचा मुलगा नोकरीला लागत होता. भावाने चहा पाजला, हात धरला, आणि सांगितलं की आता परत येऊ नकोस.

"मी पुष्कळ वर्षं त्याच्यावर चिडलो होतो," ॲरॉन आजोबांचं सांगत होता. "आता तो राहिला नाही. त्याचं चुकलं नव्हतं. माझंही चुकलं नव्हतं."

 तेलात टाकलेली फुगी करपायला लागली तेव्हा ट्रेसी आत धावली.

आजोबांनी जॉनकडे बघितलं. यजमान कोण हे त्यांनी ओळखलं होतं. ॲरॉन भाषांतर करताना अडखळला, मग सरळ म्हणाला, "ते म्हणतात, झेंडा काढू नका. माझं सगळं आयुष्य त्याच्याखाली गेलं, माझे जे मित्र मेले ते त्याच्याखाली मेले. मी मेल्यावर काढायचा तर काढा. पण त्या माणसालाही उद्या बोलावू नका. त्याला मुलगा आहे. चार लोकांसमोर त्याला निवडायला लावू नका. त्याला आज घरी बोलवा."

"आज?" मेल्विन म्हणाला. "आणि हे लोक इथे असताना?"

"घरात झेंडा कुठे आहे?" जॉन म्हणाला. तेवढं बोलून तो भावाकडे बघत राहिला. मेल्विन फोन घेऊन बाल्कनीत गेला आणि त्याने मागून काच सरकवली.

काचेतून ॲनाला तो नुसता दिसत होता. आधी हातवारे करून बोलला, मग बराच वेळ ऐकत उभा राहिला. आत आला तेव्हा म्हणाला, "त्याने विचारलं, म्हातारा कुठल्या बेटावरचा. मी म्हटलं मला नाव येत नाही, निंगबोसमोरचं.  आता म्हणतो, निघालो."

ॲनाने मग जे करायचं ते केलं. कांदे ठेवायची टोपली रिकामी केली, तिच्यात टॉवेल अंथरला आणि घरात फिरली. सगळ्यांनी आपापले फोन टोपलीत ठेवायचे. नातेवाइकांच्या पोरांनी कुरकुर केली, एकाने कॅमेरा पाठीमागे लपवला, तो तिने हात धरून काढून घेतला. टोपली बेडरूममध्ये नेऊन दार ओढून घेतलं. परत आली तेव्हा आजोबा कॉलरवरची पिन काढत होते.  ॲरॉनने मदत करायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. पिन निघाली, ती त्यांनी खिशात टाकली.

शेन साठीचा, जाडजूड, नेहमी हसतमुख माणूस. आज लिफ्टमधून बाहेर आला तो गंभीर होता. जॉनला म्हणाला की फोन खाली गाडीत ठेवून आलोय. आत आल्यावर त्याने हेझलच्या हातात आहेराचं लाल पाकीट दिलं, वू डॉक्टरांशी हात मिळवला आणि म्हाताऱ्यापुढे उभा राहिला. पहिली काही वाक्यं दोघंही ताठ बोलले, बातम्यांत बोलतात तशी स्वच्छ चिनी. ॲरॉन ॲनाला सांगत होता: प्रवास कसा झाला, तब्येत कशी आहे. मग म्हातारा काहीतरी वेगळंच बोलला. एकच वाक्य, घशातून आलेलं, वरखाली होणारं. शेनचा हात हवेतच राहिला. त्याने त्याच बोलीत उत्तर दिलं, आणि जॉनने पुढे केलेली खुर्ची सोडून तो सोफ्यावर म्हाताऱ्याच्या शेजारी बसला.

"काय म्हणाले?" ॲनाने विचारलं.

"मला नाही कळत," ॲरॉन म्हणाला. "ही आमची भाषा नाही. ग्रँडपा घरी कधी बोललेच नाहीत ही." त्याने वडिलांकडे पाहिलं. डॉक्टरांनीही मान हलवली. त्यांना दोन-चार शब्द कळत होते, तेही खाण्याचे.

सकाळपासून एकेका शब्दावरून भांडलेलं ते घर तासभर एकही शब्द न कळता बसून राहिलं. शेन बोलताना हातांनी काहीतरी मोठं, उंच दाखवत होता. म्हातारा विचारत होता आणि शेन उत्तर देत होता. एकदा शेन मोठ्याने हसला आणि लगेच चष्मा काढून पुसू लागला. ट्रेसीने फुग्यांची ताटली ठेवली, तिच्यातल्या फुग्या बोलता बोलता दोघांनी संपवल्या.

निघताना शेनने म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले. दारापर्यंत जॉन, मेल्विन आणि ॲना गेले. शेन इंग्रजीत म्हणाला की उद्या मी येणार नाही, मनात काही आणू नका. कराराचं मात्र पाच वर्षांचं जमणार नाही. भागीदारांनी तो फोटो पाहिलाय, त्यांना आता घाई नकोय. एक वर्षाचा करतो, पुढच्या वर्षी पुन्हा बसू. त्याने मेल्विनच्या खांद्यावर थोपटलं. "तुम्ही मला बोलावलंत ते बरं केलंत," तो म्हणाला आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरला.

पॅसेजमध्ये दोघे भाऊ उभे राहिले.

"एक वर्ष," मेल्विन म्हणाला.

"हं."

"सकाळीच झेंडे उचलले असते तर पाच होती, दादा."

"हो," जॉन म्हणाला. त्याला नाही म्हणता आलं नाही, कारण ते खरं होतं. मेल्विन आत न येता आपल्या फ्लॅटकडे गेला. ट्रेसी त्याच्या मागे गेली, तिचा एप्रन अजून कमरेलाच होता.

हेझलने आजोबांच्या पायाशी बसून ॲरॉनकरवी विचारलं की एवढं काय बोललात. म्हातारा थकला होता, पण सांगितलं त्याने. मिठात मुरवलेले खेकडे आई कशी करायची ते शेनला सांगितलं. त्याची आईही तसेच करायची. मग गावाचं विचारलं. शेन म्हणाला, गाव शोधायला जाऊ नका, तिथे आता बंदर आहे. घरं हलवली, किनारा भरून काढला, मोठमोठ्या क्रेन उभ्या आहेत. तुमच्या नवीन व्याह्यांचा माल तिथूनच जहाजावर चढतो.

दुसऱ्या दिवशी लग्न झालं. टेबलांवर तिन्ही झेंडे होते आणि स्टेजवरून तैवानचं नाव घेतलं गेलं. ॲरॉनने टाळ्या वाजवल्या, आजोबा उठून उभे राहिले. शेनच्या जागेवर गायकवृंदातली मंडळी बसली. मेल्विनने काका म्हणून जे करायचं ते सगळं केलं, फादरांना घ्यायला गेला, केक कापताना सुरी पुसून दिली, फोटोत हसला. जॉनशी बोलला नाही. ॲनाशी बोलला तेही जेवणाच्या थाळ्या कमी पडताहेत एवढंच. ती रात्री जॉनला म्हणाली की तू बोल ना आधी. जॉन म्हणाला, काय बोलू? त्याचं बरोबर आहे.

वू मंडळी परत जाण्याच्या आदल्या दिवशी आजोबांनी गोडाऊन बघायचंय असं सांगितलं. जॉनने गाडी काढली, ॲनाने जेवणाचा डबा भरला, मागे हेझल आणि ॲरॉन म्हाताऱ्याला मध्ये घेऊन बसले. हमरियाला पोचले तेव्हा नुकताच आलेला कंटेनर रिकामा होत होता आणि मेल्विन उन्हात उभा राहून खोकी मोजून घेत होता. हे लोक येणार हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, आत गेला आणि ऑफिसमधली स्वतःची खुर्ची उचलून सावलीत आणून ठेवली. पाण्याची बाटली उघडून म्हाताऱ्याच्या हातात दिली.

आजोबा बसले नाहीत. शेवटचं खोकं उतरेपर्यंत ते कंटेनरच्या तोंडाशी उभे होते. मग हात लोखंडाला टेकून आत डोकावले. आत काहीच नव्हतं. लाकडी जमीन, ओल आल्याचा वास, कोपऱ्यात तुटलेली पट्टी. किती दिवस लागतात यायला, त्यांनी विचारलं. मेल्विनने सांगितलं. आणि परत जाताना? परत जाताना बहुतेक वेळा रिकामाच जातो, मेल्विन म्हणाला. मग ॲरॉनकडे वळून म्हणाला, "विचार त्यांना, काही पाठवायचंय का. उद्याच जातोय."

ॲरॉनने सांगितलं.  ॲनाला वाटलं आजोबा आता ती पिन काढायला खिशात हात घालतील, पण त्यांनी घातला नाही.

"नको," ॲरॉनने त्यांचं उत्तर सांगितलं. "तिकडे उतरवून घ्यायला कोणी नाही."

मेल्विनने मान हलवली. म्हाताऱ्याला कोपराला धरून खुर्चीपर्यंत आणलं, बसवलं. मग परत गेला आणि कंटेनरच्या एका दाराला खांदा लावला. दारं जड असतात, एकट्याने बंद होत नाहीत.

"दादा," तो मागे न बघता म्हणाला, "दुसरं दार धर."

जॉनने हातातला डबा ॲनाकडे दिला आणि दुसरं दार धरलं.